शंबूकाचं नाव दगडात आहे



मागल्या महिन्यात वस्तीतल्या एका पोरानं माझ्या हातात एक रंगीत पुस्तिका ठेवली. म्हणाला, "दादा, हे वाचून ठेवा. रविवारी आमी अकरा जनं जातो म्हन्तो. तुमी बी चाला." पुस्तिका विदर्भाच्या प्राचीन राजधानीवरची. नगरधन, रामटेक, मनसर. एका दिवसात काय काय पाहावं, कुठं जेवावं, सूर्यास्ताचा फोटो कुठून चांगला येतो. छापणाऱ्याचं नाव देत नाही. दोष त्याच्या एकट्याचा नाही. या टेकडीवरच्या ज्या ज्या पुस्तिका माझ्या हातून गेल्या त्या सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या विटा आहेत.

आपल्याकडं समीक्षा म्हटली की कविता, कथा, फार तर आत्मकथन. एखाद्या कवीनं एक ओळ ढिली लिहिली की आपण त्याच्यावर तुटून पडतो. पण शाळेची सहल ज्या कागदावरून निघते, टेकडीवरच्या पाटीचा मजकूर ज्या कागदावरून उतरवला जातो, त्या कागदाला आपण साहित्य मानत नाही. मी मानतो. पोरगं कादंबरी वाचो न वाचो, सहलीला जातंच. तिथं जे ऐकतं ते त्याला जन्मभर पुरतं. म्हणून ही पुस्तिका मी कवितासंग्रह वाचावा तशी ओळीओळीनं वाचली, आणि मग पोरांसोबत जाऊन जागेशी ताडून पाहिली.

राजधानी हा शब्द आम्हा नागपूरवाल्यांना गोड लागतो. बख्त बुलंद शाह या गोंड राजानं १७०२ च्या सुमाराला शहर वसवलं. मग भोसले, मग इंग्रज. मध्य प्रांताची राजधानी, पुढं मध्य प्रदेशाची. ती गेली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी याच शहरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर लाखोंना दीक्षा दिली. एक राजधानी उठून गेली आणि दुसरी बसली, असं मी पोरांना सांगतो. ते हसतात, पण त्यांना पटतं.

पण ही सगळी अलीकडची गोष्ट. प्राचीन राजधानी शहराच्या ईशान्येला आहे, पन्नासेक किलोमीटरच्या आत. बस कामठीवरून जाते, कन्हानचा पूल ओलांडते. पुलावर पोरांनी बाबू हरदासांच्या समाधीच्या दिशेनं जयभीम केला. गाडीतल्या एका बाईनं विचारलं, "कोन गेलं जी?" पोरगी म्हणाली, "हरदास बाबू. १९३९ मंधी." बाई गप्प बसली. असू द्या.

नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. चौथ्या-पाचव्या शतकात वाकाटकांची थोरली पाती इथून राज्य करत होती. आज जो किल्ला दिसतो तो भोसल्यांच्या काळचा म्हणतात, जुनं नगर त्याच्या आजूबाजूच्या मातीत आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथं खोदकाम केलं. मातीची एक इवलीशी मुद्रा सापडली. तिच्यावर शंख आणि ब्राह्मी अक्षरांत नाव – प्रभावतीगुप्ता. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर मेला, पोरं लहान, आणि या बाईनं तेरा-एक वर्षं स्वतः कारभार हाकला. स्वतःच्या नावानं ताम्रपट काढले, त्यात सासरच्याआधी माहेरची वंशावळ सांगितली. त्या काळच्या विधवेनं! पुस्तिकेत हिच्यावर दोन ओळी आहेत आणि त्यात ती "कर्तव्यदक्ष माता" आहे. राज्य करणाऱ्या बाईला आई करून टाकलं की पुस्तिकेचं समाधान होतं.

आता इथंच आमच्यातल्या एकानं उडी मारली. प्रभावतीची आई कुबेरनागा. ताम्रपटात तिला नागकुळात जन्मलेली म्हटलंय. "दादा, नाग! म्हंजे आपलीच व्हय ना?" बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगितलं होतं: नाग लोक, त्यांचं आर्यांशी वैर, बुद्धाचा धम्म पसरवण्यातली त्यांची कामगिरी, आणि शहरातून वाहणारी नाग नदी. पोरांच्या डोक्यात ते भाषण घट्ट बसलेलं आहे, बसायलाच पाहिजे. पण मी त्याला विचारलं, "अबे, पुण्याच्या ताम्रपटात या बाईनं नंदिवर्धनाहून दंगुण नावाचं गाव कोनाले दिलं?" तो गप्प. दिलं ते चनालस्वामी नावाच्या आचार्याला. विष्णुभक्त बाई, विष्णुभक्त आचार्य. आईच्या कुळात नाग आहे म्हणून लेकीच्या दानपत्रातलं गाव आपल्या नावावर होत नाही.

तरीही हे गाव आपलं आहे. दुसऱ्या रस्त्यानं आहे. पुस्तिकेत ज्या काळाला "सुवर्णयुग" म्हटलंय तो काळ जरा उघडून पाहा. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मुळात कोण होते यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात अस्पृश्यता कधी जन्मली याची तारीख त्यांनी काढली: इसवी सन ४०० च्या आसपास. गुप्त राजांच्या काळात गोवध महापातक ठरला, हा त्या मांडणीचा एक मोठा आधार. त्यासाठी घेतलेल्या पुराव्यांत ४१२ सालचा लेख आहे, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या कारकिर्दीतला. म्हणजे प्रभावतीच्या बापाच्या. बाप तिकडं राज्य करत होता, लेक इथं नगरधनला. बाबासाहेबांचा हिशोब धरला तर आपल्या माथ्यावरचा शिक्का जेव्हा उठत होता तेव्हा हे शहर राजधानी होतं. हा ग्रंथ लिहिताना त्यांनी प्रस्तावनेत बजावलंय की हा शेवटचा शब्द आहे असा आपला दावा नाही. इतिहासकार त्या तारखेशी भांडतात, भांडू द्या. पण जो आंबेडकरी कार्यकर्ता नगरधनच्या त्या ओसाड मातीवर उभा राहतो आणि ४०० हा आकडा त्याला आठवत नाही, त्यानं तिकिटाचे पैसे वाया घालवले.

पुस्तिकेचा "सुवर्णयुग" हा शब्द मला फार दिवस टोचतोय. सोनं कुणाच्या घरात होतं हे तो शब्द सांगत नाही. सांगतो तो तांब्याचा पत्रा. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याचा चम्मकचा ताम्रपट घ्या. अचलपूरजवळचं चम्मक. राजाच्या अठराव्या वर्षी, प्रवरपुराहून काढलेला. मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, राजमापानं आठ हजार भूमी, दान एक हजार ब्राह्मणांना. नावं मोजली तर एकोणपन्नास भरतात. बाकीच्यांना तांबं पुरलं नसेल. मग येते सवलतींची यादी. विदर्भातल्या राबणाऱ्या माणसाबद्दल इतकं प्रामाणिक लिखाण मी दुसरं वाचलं नाही, जरी लिहिणाऱ्याच्या मनात ते नव्हतं. या गावात राजाचे शिपाईप्यादे शिरणार नाहीत. गावानं गाईबैल पुरवायचे नाहीत. फुलं आणि दूध द्यायचं नाही. फिरतीवर आलेल्या अधिकाऱ्याला बसायला कातडं आणि जाळायला कोळसा द्यायचा नाही. मिठाच्या खाणीचं देणं नाही. आणि सगळ्या प्रकारच्या विष्टीतून गाव मोकळं. विष्टी म्हणजे वेठ. तुमच्या-माझ्या आजोबांची वेठ.

ही यादी उलटी करून वाचा. ज्या गावाला माफी मिळाली नाही त्या गावात काय चालत असेल? शिपाई शिरत होता. बैल नेत होता. दूध काढून द्यायचं, फुलं तोडून द्यायची, कातडं कमावून द्यायचं, कोळसा पाडून द्यायचा, आणि वर वेठ. आणि माफी मिळालेल्या गावातही वेठ खरोखर संपली का? रामशरण शर्मांनी १९६५ च्या आपल्या सामंतशाहीवरच्या ग्रंथात अशा दानपत्रांकडं बोट दाखवून म्हटलं की राजानं सोडलेले हक्क दान घेणाऱ्याच्या हाती जात. म्हणजे मालक बदलला, पाठ तीच. या मांडणीवर पुष्कळ वाद झाले. मला ती पटते, कारण माझ्या बापानं मालक बदलताना पाहिले होते.

ताम्रपटात कातडं आहे. कातडं काढणारा हात नाही. तो महार होता, चांभार होता, की तेव्हा त्याला आणखी काही म्हणत होते, हे मी सांगू शकत नाही आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण कातडं राजाच्या दप्तरात नोंदलंय, आणि कातडं झाडाला लागत नाही.

एक गंमत त्याच पत्र्यात पुढं आहे. राजानं अट घातलीय: या ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करू नये, राजाला विष घालू नये, लढाई करू नये, तोवरच गाव त्यांचं. करतील तर राजानं काढून घेतलं तरी ती चोरी नव्हे. ज्यांना देवासारखं पुजायचं त्यांच्याबद्दल राजाच्या पोटात काय भीती होती पाहा! पोरांना मी हे सांगितलं तेव्हा नगरधनच्या तटाखाली एकच हशा उसळला. पुस्तिकेत या ताम्रपटांवर एक वाक्य आहे: वाकाटक राजे दानशूर होते.

वा. वि. मिराशी यांनी हे सगळे लेख १९६३ साली एका ठिकाणी संपादून ठेवलेत. मिराशींची दृष्टी आपली नव्हे. पण अक्षर न् अक्षर लावून त्यांनी जे काम केलं ते आपल्याही उपयोगाचं आहे. माणूस नागपुरात शिकवत होता. त्याचा ग्रंथ आपल्यापैकी किती जणांनी उघडला? मी स्वतः वयाच्या चाळिशीनंतर उघडला, हे लाजेनं लिहितो.

आता रामटेक.

पुस्तिकेची सगळी जान इथं आहे. चार पानं. त्यातली दोन कालिदासाची. रामगिरी म्हणजे रामटेक, इथंच यक्ष विरहात पडला होता, इथंच आषाढातला ढग आला. टेकडीवर कालिदास स्मारक आहे, मेघदूताची चित्रं आहेत, खाली गावात १९९७ पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. मला कालिदासाशी वैर नाही. चांगला कवी होता, ढगाला रस्ता सांगताना एकही गाव चुकवत नाही. मिराशींनी रामगिरी म्हणजे रामटेक हे हिरीरीनं मांडलं आणि प्रभावतीच्या दुसऱ्या एका ताम्रपटात रामगिरीस्वामीचा उल्लेख आहे म्हणून त्यांच्या तर्काला बळही आहे. पण तर्कच तो. दुसरे अभ्यासक छत्तीसगढातल्या रामगढकडं बोट दाखवतात. कालिदास इथं बसून लिहीत होता असं या टेकडीवरचा एकही जुना दगड म्हणत नाही.

याच टेकडीवर लक्ष्मणाच्या देवळात एक शिलालेख आहे. संस्कृत, यादव राजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकाच्या शेवटाचा. बराच झिजलेला. त्यात या टेकडीवरची तीर्थं आणि देवळं सांगितलीत. आणि त्यात एक नाव कोरलेलं आहे – शंबूक. शूद्र मुनी शंबूक, जो इथं रामाच्या तलवारीनं मारला गेला आणि विष्णुपदाला गेला.

पुन्हा वाचा, दोस्तहो. कालिदासाचा तर्क आहे, त्याला स्मारक आहे. शंबूकाचा सातशे वर्षांचा दगडी पुरावा आहे, त्याला पुस्तिकेत अर्धी ओळ आहे: "येथे श्रीरामांनी शंबूकाचा उद्धार केला." खिंडसी तलावातल्या बोटींना अर्धं पान आहे.

या "उद्धार" शब्दावर मला थांबायचंय, कारण समीक्षकाचं काम शब्दाशी असतं. वाल्मीकीच्या नावावरच्या उत्तरकांडात गोष्ट स्पष्ट आहे: शूद्र तप करतो म्हणून ब्राह्मणाचं पोर मेलं, रामानं शूद्राचं मुंडकं उडवलं, पोर उठून बसलं. तिथं लाज नाही, आडपडदा नाही. पुढं कवींना लाज वाटायला लागली. आपल्याच विदर्भातला भवभूती – त्याचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं मिराशीच म्हणतात – आठव्या शतकात नाटक लिहितो. त्यात रामाचा हात शंबूकावर चालताना अडखळतो, आणि मेल्यावर शंबूक दिव्य पुरुष होऊन येतो नि रामाला वंदन करतो! मेलेल्यानं मारणाऱ्याचे आभार मानायचे. तिथून तेराव्या शतकातला शिलालेख: तलवार आहे, पण तिच्या टोकाला मोक्ष लावलाय. तिथून आजची पुस्तिका: तलवारच गेली, नुसता उद्धार उरला. बाराशे वर्षांत एक खून कसा धुतला गेला हे पाहायचं असेल तर दुसरीकडं जायला नको, ही टेकडी पुरे. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या त्या न झालेल्या भाषणात शंबूक घेतला तो याच मुद्द्यावर: चातुर्वर्ण्य आपोआप टिकत नाही, त्याला शिक्षेचा धाक लागतो, म्हणून रामाला शंबूक मारावा लागला. ते वाक्य ज्यांनी सभेत ऐकलंय त्यांच्यापैकी कितींना ठाऊक आहे की त्या कथेची जागा म्हणून दाखवला जाणारा डोंगर आपल्या घरापासून तासा-दीड तासावर आहे?

आणि शिलालेखापेक्षाही जुनी असेल अशी एक गोष्ट टेकडीवर जिवंत आहे. धुम्रेश्वर महादेव. लहानसं देऊळ. लोक सांगतात की मरताना शंबूकानं वर मागितला: रामा, तू इथंच राहा, आणि माझी पूजा तुझ्याआधी होऊ दे. म्हणून रामाच्या दर्शनाला जाणाऱ्यानं आधी धुम्रेश्वराला हात जोडायचे, नाहीतर यात्रा फळत नाही.

माझी आजी छप्पनच्या आधी कार्तिक पुनवेच्या जत्रेला बैलगाडीनं रामटेकला यायची. तिला मेघदूत माहीत नव्हतं. तिला हे माहीत होतं. "पयले धुम्रेश्वराले हात जोडा लागते बापू, थो आपल्यातला होता." आपल्यातला म्हणजे कोण, हे मी लहानपणी विचारलं नाही. जत्रेत तिला कुठवर चढू देत होते तेही तिनं कधी सांगितलं नाही. १९५६ च्या दसऱ्यानंतर तिनं घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. पुन्हा रामटेक नाही, जत्रा नाही. पण शंबूकाची गोष्ट तिनं टोपलीत घातली नव्हती. ती तिनं मला दिली, चुलीपुढं बसून.

त्या रविवारी धुम्रेश्वरापाशी पोरं बाहेरच उभी राहिली. बावीस प्रतिज्ञा घेतलेली पोरं, आत जाऊन हात जोडायचा प्रश्न नव्हता. पण निघतानाही कुणी निघेना. एक पोरगी म्हणाली, "दादा, इथं काय करा लागते?" मला उत्तर सुचलं नाही. पूजा करायची नाही आणि पाठ फिरवून निघूनही जायचं नाही, अशी जागा आपल्या चळवळीनं अजून कशी हाताळायची ते ठरवलेलं नाही. शेवटी तिनं वहीत नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं: इथं शंबूकाला मारलं असं दगडात आहे. मला वाटतं पाटी लावायचीच झाली तर याहून चांगला मजकूर कुणी लिहून देणार नाही.

एक तर्क माझाही. मारलेल्याला पहिल्या पूजेचा मान का द्यावा लागला? ज्यांनी ही कथा रचली ते दयाळू नव्हते. मला दिसतं ते असं की रामाच्या आधी टेकडीवर कुणाचं तरी ठाणं होतं आणि खालच्या गावांतली माणसं ते सोडायला तयार नव्हती. हा पुरावा नव्हे. माझा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच छापावा.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण पुढं मनसर आहे, आणि मनसरला आपली पाळी.

मनसर रामटेकच्या अलीकडं, जबलपूरच्या रस्त्यावर. मँगनीजच्या खाणीचं गाव. नव्वदीच्या शेवटापासून इथल्या हिडिंबा टेकडीवर आणि आजूबाजूला मोठं उत्खनन झालं. त्यामागं भदन्त सुरई ससाई यांची बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था होती. ज. प. जोशी आणि अ. के. शर्मा यांनी खोदकाम केलं. विटांचं एवढं थोरलं बांधकाम निघालं की पाहणारा थक्क होतो. थर, चौथरे, कोनाडे, टेकडीच्या पोटावर चढत जाणाऱ्या भिंती. आपल्या लोकांनी, चंदा देणाऱ्या साध्या माणसांनी, हा ढिगारा उजेडात आणायला हातभार लावला, ही गोष्ट मी फार मोठी मानतो. सरकारची वाट पाहत बसलो असतो तर अजून तिथं बकऱ्या चरल्या असत्या.

पण मग आपण काय केलं? आपल्याकडच्या एका पत्रकात छापलं होतं की ही नागार्जुनाची विद्यापीठभूमी, यात शंका घेणारा तो मनुवादी. पोरांच्या खिशात ते पत्रक होतं. मी ते पुस्तिकेच्या शेजारी ठेवून वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. भाषा तीच! तिकडं "पवित्र", "सुवर्ण", "अद्वितीय". इकडंही "पवित्र", "सुवर्ण", "अद्वितीय". नाव तेवढं बदललं.

वस्तुस्थिती अशी. उत्खनन करणाऱ्यांनी मनसरला बौद्ध थरही सांगितले आहेत. पण प्रवरेश्वर हे नाव असलेली मुद्राही तिथं सापडली आहे. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मिराशी मानत होते. मनसरच्या शोधानंतर बरेच अभ्यासक प्रवरपूर म्हणजे मनसर म्हणू लागले. हान्स बाकर या डच अभ्यासकानं हिडिंबा टेकडीवरचं बांधकाम प्रवरसेनाचं शिवालय म्हणून वाचलं. इथं मिळालेली शिवाची देखणी मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नागार्जुनाचं नाव रामटेकच्या परिसरात परंपरेनं चालत आलंय, एका टेकडीला ते नाव आहे. पण नागार्जुनाचं नाव कोरलेला दगड मनसरनं अजून दिलेला नाही. म्हणजे आपण नागार्जुनाबद्दल तेच करतोय जे ते कालिदासाबद्दल करतात. तर्काला स्मारक.

"दादा, मंग हे आपलं नाही?" पोराचा चेहरा उतरला होता. त्याच्या बापानं मनसरसाठी पैसे दिले होते, त्याला मी काय सांगू? मी म्हटलं, "प्रवरसेनाच्या राजवाड्याच्या विटा कोनं भाजल्या? विष्टी कोनाची होती? तांब्याच्या पत्र्यावर हाय ना लिवून?" त्यानं विटेवर हात ठेवला. काही बोलला नाही. विहार असेल तर भिक्षूंचा म्हणून आपला, देऊळ असेल तर वेठीचा म्हणून आपला. दोन्ही वेळा पुरावा लागेल, आणि दुसऱ्याचा पुरावा आपल्या हातात आज आहे. शिवाय वाकाटक म्हटले की सगळे सारखे असंही धरू नका. याच घराण्याच्या धाकट्या, वाशीमच्या पातीतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं भिक्षुसंघाला दिलं. लेख आहे तिथं. इतिहास आपल्या सोयीनं रांगेत उभा राहत नाही.

हे मी का ताणून धरतोय? काही मित्र म्हणतील, शत्रूच्या हातात कोलीत देतो. २०२१ साली अंबाझरीतलं बाबासाहेबांच्या नावाचं सांस्कृतिक भवन पाडलं गेलं. बाया महिनोन्‌महिने धरणं धरून बसल्या. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगचं खोदकाम आपल्या लोकांनी उतरून थांबवलं. या जागांचे कागद आपल्याजवळ आहेत, साक्षीदार जिवंत आहेत. उद्या अशाच एखाद्या जागेसाठी आपण दारात उभे राहू तेव्हा समोरचा साहेब म्हणेल, तुम्ही तर प्रत्येक टेकडीला आपलीच म्हणता. त्या दिवशी मनसरचं ते पत्रक आपल्याला महाग पडेल.

आणि ज्या गोष्टीसाठी आपण मनसरला एवढा आटापिटा करतो ती गोष्ट पवनीला मोकळ्यावर पडून आहे. भंडारा जिल्ह्यातली वैनगंगेकाठची पवनी. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि केंद्राचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून तिथं खोदलं. शां. भा. देव आणि तेच ज. प. जोशी. जगन्नाथ टेकडीवर स्तूप निघाला, चांडकापूरला स्तूप निघाला, मनसरच्या विटांहून कित्येक शतकं जुने. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत आहेत. राजे नव्हेत, साधे उपासक, उपासिका, भिक्षू. एका खांबावर फणा काढलेला मुचलिंद नाग आहे. आणि एका दगडावर दात्याचं नाव आहे, पाच निकाय जाणणारा नाग. कुबेरनागेच्या आईबापात ज्याला शोधत होतो तो नाग इथं नाव लावून, ग्रंथ शिकून, दान देऊन बसलाय. त्याच्यासाठी कुणाशी वाद घालायला नको. आमच्या अकरा जणांतलं एकही पवनीला गेलेलं नव्हतं. रंगीत पुस्तिकेत पवनी नाही, ते समजू शकतो. आपल्या पत्रकातही नाही.

तेव्हा पुढच्या पुनवेच्या रविवारी पवनी. गाडी उमरेड-भिवापूरवरून जाते. डबा आणि पाणी ज्याचं त्यानं आणावं, वही प्रत्येकाजवळ पाहिजे. ब्राह्मीची मुळाक्षरं शिकायला शनिवारी संध्याकाळी विहारात या. मला सगळी येत नाहीत. ‘न’ आणि ‘ग’ येतात.